बारावीच्या वर्षातला मिडफिल्डर

२००९ च्या नोव्हेंबरात एएफएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सर्वोच्च लीगच्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी आळीपाळीने नवी पोरं निवडायची पद्धत) निवडीचा पहिला आणि दुसरा असे दोन्ही नंबर मेलबर्न क्लबकडे होते. नुकत्याच संपलेल्या हंगामात तळाला राहिल्याची ही भरपाई. क्लबने टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव हे दोन मिडफिल्डर उचलले. तिसऱ्या नंबरवर रिचमंडने डस्टिन मार्टिनला घेतलं. मग सतरा-अठरा वर्षांच्या पोरांची नावं एकामागून एक पुकारली गेली आणि विसाव्या नंबरवर फ्रीमँटलने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लेक ग्रेस नावाच्या गावचा नॅट फाइफ नावाचा काडीपैलवान घेतला.

पुढे काय झालं? स्कली दोन हंगाम खेळला आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबकडे निघून गेला. ट्रेंगोवला क्लबने तो वीस वर्षांचा असतानाच सहकर्णधार केलं, लीगच्या इतिहासातला सर्वांत तरुण कर्णधार. मग पायाच्या हाडाच्या दुखण्याने त्याची वर्षंच्या वर्षं खाल्ली. मार्टिनने २०१७ चं ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, जिंकलं आणि ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक तीनदा. फाइफकडे ब्राउनलो दोन आहेत, २०१५ आणि २०१९ ची.

हे वाचून ‘त्या रिक्रूटर मंडळींना काही कळत नाही’ असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरावा. या लोकांचं आयुष्य पोरांचा खेळ बघण्यात गेलेलं असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. मिडफिल्डरची पारख त्यांना जमत नाही असं नाही. ती ज्या वयात करायला लावली जाते, त्या वयात ती नीट जमणं कुणालाही कठीण आहे. आणि हे वय निसर्गाने ठरवलेलं नाही, लीगने ठरवलंय. ड्राफ्टच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होत असले की पोरगा पात्र. हे वय एका वर्षाने वाढवून एकोणीस करावं, असं मला वाटतं.

आधी हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंडाकृती मैदान, लांबी दीडशे-एकशेसाठ मीटरच्या घरात, चेंडूही अंडाकृती. एका बाजूचे अठरा जण मैदानात, वीस-वीस मिनिटांचे चार डाव, आणि चेंडू अडून राहिलेला वेळ वर वेगळा धरायचा. मैदानाच्या मधोमध चेंडू वर उडतो तेव्हा तिथे आखलेल्या चौकोनात दोन्ही बाजूंचे चार-चारच खेळाडू असतात: एक उंच रकमन आणि तीन मिडफिल्डर. रकमन चेंडूला थाप मारतो, आणि तो जमिनीवर पडायच्या आत किंवा पडल्या पडल्या कुणाच्या हाती लागतो, त्यावर पुढचं अर्धं युद्ध ठरतं. सामन्याचं इंजिन हे तिघे. एका सामन्यात बारा-चौदा किलोमीटर पळायचं, त्यातलं बरंचसं अंगावर कुणीतरी लोंबकळत असताना.

बचावपटूचं किंवा गोल मारणाऱ्याचं काम त्या मानाने ठरीव असतं. मिडफिल्डरला मात्र सगळंच यावं लागतं. म्हणूनच त्याच्याबद्दल आकडेही सगळ्यात जास्त निघतात, आणि तिथेच घोळाला सुरुवात होते.

अठरा वर्षांखालच्या सामन्यानंतर जो आकडा मथळ्यात येतो तो डिस्पोजलचा: किती वेळा पोराने चेंडू पायाने किंवा मुठीने पुढे दिला. तीस म्हणजे उत्तम, पस्तीस म्हणजे वा! पण मेलबर्नच्या जुलैमधल्या एखाद्या ओल्या शनिवारी उपनगरातल्या मैदानाच्या कुंपणाला टेकून हा सामना बघा. एक पोरगा आहे, सारखा मोकळ्या जागेत उभा. त्याचा सोबती गर्दीत खाली वाकून चेंडू काढतो, वळतो, याला मुठीने देतो. हा दोन पावलं टाकून समोर उंच लाथ मारतो. झालं एक डिस्पोजल. दहा मिनिटांत असे चार. तो दुसरा, वाकणारा, दिवसभरात सोळाच वेळा चेंडूला लागतो. पण प्रत्येक वेळी त्याचं डोकं चेंडूच्या वर आणि कुल्ले खाली असतात, आणि पाठीवर एक जण आदळलेला असूनही त्याला ठाऊक असतं की आपला माणूस डावीकडे मागे आहे. चेंडू हातात यायच्या आधीच त्याने ते बघून ठेवलेलं असतं. कागदावर पहिल्याचे एकतीस, दुसऱ्याचे सोळा.

याची दखल घेणारे आकडे आहेत. झटापटीत मिळवलेले चेंडू वेगळे मोजतात, चौकोनातून बाहेर काढलेले वेगळे, टॅकल वेगळे. रिक्रूटर ते वाचतातच. तरीही एक गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही: चेंडू आपल्याकडे नसताना पोरगा काय करतो. शेवटच्या डावात, आठ गोलांनी मागे असताना, समोरचा मिडफिल्डर सुटला तर हा त्याच्यामागे सत्तर मीटर उलटा धावतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? मला एकच गोष्ट बघायची मुभा दिली तर मी हीच बघेन. ज्याचं नाव गाजतंय अशा पोराकडे नजर लावून बसलं की हे सोपं जातं. चेंडूच्या मागे मागे डोळे नेले की मात्र हुकतं.

ऑक्टोबरात कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांचं शिबिर भरतं. वीस मीटर धाव, चपळाईची वळणावळणाची धाव, उभ्याने आणि धावत येऊन उडी, दोन किलोमीटरची शर्यत, डॉक्टरी तपासणी, आणि क्लबांच्या मुलाखती. वीस मीटर तीन सेकंदांच्या आत म्हणजे पोरगा जोरकस, दोन किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास म्हणजे छाती दणकट. हे निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पळून धाप लागणारा पोरगा मिडफिल्डला नकोच. पण स्टॉपवॉच सरळ रेषेतली धाव मोजतं. गर्दीतून निघायचं पहिलं पाऊल कोणत्या पायावर पडतं, ते त्याला दिसत नाही. सॅम मिचेल हा या सगळ्या चाचण्यांना दिलेला एक जिताजागता टोमणा आहे. बेताची उंची, वेग नाही, म्हणून २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी विचारलं नाही. तो बॉक्स हिलसाठी व्हीएफएलमध्ये, म्हणजे व्हिक्टोरियाच्या राज्य लीगमध्ये, मोठ्या माणसांविरुद्ध खेळत राहिला आणि पुढच्या वर्षी हॉथॉर्नने त्याला ३६ व्या नंबरवर घेतलं. २००८ साली अजिंक्यपद जिंकलेल्या संघाचा तो कर्णधार होता, आणि २०१२ चं ब्राउनलोही पुढे त्याच्या नावावर लागलं.

त्या २००१ च्या ड्राफ्टची गोष्ट इथे वारंवार सांगितली जाते, आणि सांगण्यासारखी आहेच. पहिले तीन: ल्यूक हॉज, ल्यूक बॉल, क्रिस जड. तिघेही तोलामोलाचे निघाले. हॉजला नॉर्म स्मिथ पदक दोनदा मिळालं, जडला ब्राउनलो दोनदा. म्हणजे वरच्या नंबरांवर नजर अजिबात चुकली नव्हती. आणि त्याच यादीत खाली ३६ वर मिचेल, ४० वर धाकटा गॅरी अ‍ॅब्लेट, ५८ वर डेन स्वॉन. यातला अ‍ॅब्लेट बाजूला ठेवा. वडील त्याच क्लबसाठी खेळलेले असले की मुलाला घेण्याची खास सवलत असते, तिच्यातून तो जिलाँगला मिळाला. त्याचा नंबर हा त्याच्या पारखीचा निकाल नव्हे. पण मिचेल आणि स्वॉन दोघेही पुढे ब्राउनलो जिंकले, आणि त्यांचं नाव पुकारलं जाण्याआधी प्रत्येक क्लबने त्या दोघांना निदान एकदा तरी नाकारलं होतं.

ब्राउनलो हे पदक गेली कित्येक वर्षं मिडफिल्डरांच्याच गळ्यात पडतंय, त्यामुळे या प्रश्नासाठी ती यादी कामाची आहे. २००९ ते २०२५ या काळात ते जिंकणाऱ्यांमध्ये पहिल्या नंबरवर निवडलेला खेळाडू एकच, मॅट रोवेल. ट्रेंट कॉचिन दुसऱ्या नंबरचा, जड आणि मार्टिन तिसऱ्या. पॅट्रिक क्रिप्स १३ वा, लॅकी नील ५८ वा. दोघांनीही ते दोन-दोनदा जिंकलं. आणि २०१४ चा विजेता मॅट प्रिडिस मुख्य ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता. तो रूकी ड्राफ्टच्या, म्हणजे मुख्य ड्राफ्टनंतरच्या दुय्यम निवडीच्या, मागच्या दारातून आला.

आता या यादीतली फसवणूकही सांगायला हवी, कारण माझ्या बाजूचे लोक ती बहुधा गिळून टाकतात. नील ५८ वा होता हे सगळ्यांना पाठ आहे. इतर वर्षांच्या ५८ व्या पोरांची नावं कुणाला आठवतात? त्यातले बरेच दोन-तीन वर्षांत यादीतून वगळले गेले आणि आज कुठेतरी इलेक्ट्रिशियन किंवा शिक्षक असतील. फक्त जिंकलेल्यांकडे बघून हिशेब मांडला तर लॉटरीचं तिकीटही गुंतवणूक वाटू लागेल. एकूण पाहता वरच्या नंबरांची पोरं खालच्यांपेक्षा जास्त सामने खेळतात, हे खरं आहे. म्हणजे पारखीला अर्थ आहे. फक्त तिच्यात जी चूक शिल्लक राहते, तिचा मोठा वाटा वयाचा आहे, आणि वय बदलता येतं.

ते वय मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ड्राफ्टला उभा राहणारा बहुतेक पोरगा त्याच वर्षी बारावीला असतो. व्हिक्टोरियात बारावीच्या लेखी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कम्बाइन ऑक्टोबरात, ड्राफ्ट नोव्हेंबरात. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक या भागांत आता मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यातली लहान मुलं शनिवारी सकाळी ऑसकिकला, म्हणजे या फुटबॉलच्या बालवर्गाला जातात, चेंडू छातीशी धरून आई-बापांच्या कौतुकात धावतात. त्यातलं एखादं पोर खरंच चांगलं निघालं तर सतराव्या वर्षी त्या घरात काय चित्र असेल, कल्पना करा. टीव्हीची केबल काढून ठेवणारे आपण. त्याच वर्षी आठवड्यातून तीन-चार दिवस सराव, शाळेचा सामना, विभागीय संघाचा सामना, राज्याचा सामना, आणि संध्याकाळी कुठल्यातरी क्लबचा माणूस सोफ्यावर बसून विचारतोय, ‘हरल्यावर तुला काय वाटतं?’ त्या पोराने खरं उत्तर दिलं तरी ते सतरा वर्षांच्या, झोप न झालेल्या पोराचं उत्तर असणार. त्यावरून त्याचा स्वभाव ठरवायचा!

त्यात जन्ममहिन्याचा खेळ आहे. निक डेकोसचा जन्म ३ जानेवारी २००३ चा. २०२१ च्या ड्राफ्टच्या दिवशी तो एकोणिसाव्याच्या उंबरठ्यावर होता. त्याच वर्षीचा डिसेंबरात जन्मलेला पोरगा तेव्हा सतराचा. डेकोस असामान्य आहे याबद्दल वाद नाही, तो कोणत्याही महिन्यात जन्मला असता तरी दिसलाच असता. प्रश्न मधल्या फळीतल्या पोरांचा आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे खांद्यावर चार-पाच किलो मांस, आणि मिडफिल्डमध्ये मांस लागतंच. लवकर भरलेला पोरगा या वयात नुसत्या अंगावर टॅकल मोडून निघतो. त्याचे आकडे फुगतात, लोक म्हणतात ‘मोठ्यांत खेळायला तयार आहे’. वर्षभराने मोठ्यांत गेला की सगळेच त्याच्या अंगाचे. मग त्याच्याजवळ दुसरं काय आहे ते कळतं. उलट ज्याला अंग नव्हतं म्हणून डोकं वापरावं लागलं, त्याला कुणी ‘हलका आहे’ म्हणून आधीच खाली सरकवलेलं असतं. दोन किंवा तीन वर्षांच्या पहिल्या कराराच्या मुदतीत हे सगळं उलगडलं तर ठीक, नाहीतर त्या पोराचं दुकान बंद.

यावर इथे एक ठरलेली पळवाट आहे, तुलनेची. प्रत्येक होतकरू पोराला कुणा मोठ्याचं नाव चिकटवायचं. हा नवा मार्टिन, हा डेंजरफील्डच्या वळणाचा. टाँगाला या छोट्या गावच्या हार्ली रीडच्या बाबतीत २०२३ चं अख्खं वर्ष हेच चाललं होतं. वेस्ट कोस्टने त्याला पहिल्या नंबरवर घेईपर्यंत त्याच्या एकेका सामन्यावर पानं भरली जात होती. अशा तुलनेने वाचकाला पटकन चित्र मिळतं एवढंच. पारख म्हणून ती आळशी आहे. मार्टिन स्वतः सतरा वर्षांचा असताना ‘मार्टिनसारखा’ नव्हता.

आणि पारखीत सगळ्यात कमी हाताळली जाणारी बाब मैदानाबाहेरची आहे. आयपीएलच्या लिलावात निदान हंगाम दोन महिन्यांचा असतो. इथे अठरा वर्षांच्या पोराला ज्या क्लबने नाव पुकारलं त्या शहरात बिऱ्हाड हलवावं लागतं, पसंती विचारत नाहीत. पर्थचा पोरगा ब्रिस्बेनला, अ‍ॅडलेडचा मेलबर्नला. जेसन हॉर्न-फ्रान्सिसचं उदाहरण घ्या. खेळाच्या दृष्टीने त्याच्याइतका तपासलेला पोरगा क्वचितच मिळेल. ड्राफ्टच्या वर्षी तो दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एसएएनएफएलमध्ये मोठ्या माणसांबरोबर खेळत होता. नॉर्थ मेलबर्नने २०२१ ला त्याला पहिल्या नंबरवर घेतलं, आणि एका हंगामानंतर तो अ‍ॅडलेडला, पोर्ट अ‍ॅडलेड क्लबकडे परत गेला. त्याच्या पायातल्या ताकदीचा अंदाज कुणाचा चुकला नाही. घर सोडून राहायला हा पोरगा आज तयार आहे का, याचा अंदाज चुकला. आणि सतरा-अठराव्या वर्षी त्याचा अंदाज कुणी कसा बांधावा? त्याचं त्याला तरी ठाऊक असतं का?

एक वर्ष थांबल्याने काय मिळेल ते टिम केलीकडे पाहून कळतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या डब्ल्यूएएफएलमध्ये साउथ फ्रीमँटलसाठी तो वर्षानुवर्षं मोठ्यांत खेळला, ड्राफ्टमागून ड्राफ्ट त्याला टाळून गेले, आणि २०१७ साली तेविसाव्या वर्षी जिलाँगने त्याला २४ व्या नंबरवर घेतलं. पुढच्याच हंगामापासून तो पहिल्या संघात, आणि २०१९ ला ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात. जिलाँगने तिथे भविष्य वर्तवलं नव्हतं; समोर जे दिसत होतं त्याला दाम दिला होता. सगळ्यांनी तेविसाव्यापर्यंत थांबावं असं कुणी म्हणत नाही. पण बारावी आटोपलेली, अंग भरत आलेलं, एक पूर्ण हंगाम व्हीएफएल, एसएएनएफएल किंवा डब्ल्यूएएफएलमध्ये कामावरून थेट सरावाला येणाऱ्या गड्यांचे धक्के खाल्लेले, एवढं समोर असलं तरी पारख पुष्कळ सरळ होईल. मिचेलला नेमकं तेच एक वर्ष मिळालं होतं, तेही नाकारला गेल्यामुळे.

विरोधात जे बोलतात त्यांचं सगळंच टाकाऊ नाही. पहिला मुद्दा, चांगला पोरगा क्रिकेटकडे किंवा रग्बी लीगकडे जाईल. थोडेफार जातील. पण दोन्हींत तेवढाच पटाईत असलेली पोरं मोजकीच असतात, आणि त्यांच्यापुढे आजही हाच प्रश्न येतो. अमेरिकेत एनएफएलला शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणी घेतला जात नाही, एनबीएत एकोणीस लागतात. तिथले खेळ ओस पडले नाहीत. दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. दूरच्या वस्त्यांतून, विशेषतः आदिवासी समाजातून येणाऱ्या पोरांना ते एक वर्ष बिनपगारी परवडणार नाही. सधन शाळेतला पोरगा बापाच्या जिवावर वर्षभर जिम करेल. उत्तरेकडच्या एखाद्या वस्तीतला पोरगा मधेच गळेल. याला एकच उत्तर आहे, त्या वर्षाचे पैसे लीगने द्यावेत. २०२५ पासूनच्या सात वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा करार साडेचार अब्ज डॉलरचा आहे. राज्य लीगमधल्या दोन-तीनशे पोरांना वर्षभर मानधन द्यायला पैसे नाहीत, हे रडगाणं त्यानंतर कुणी गाऊ नये. हे मानधन नसेल तर वय वाढवूच नका, मी माझी मागणी मागे घेतो.

जोएल सेलवूडचं नावही विरोधक पुढे करतात. २००६ ला गुडघ्याच्या दुखापतीमुळे ड्राफ्टच्या वर्षातलं त्याचं बरंचसं खेळणं बुडालं, तरी जिलाँगने त्याला सातव्या नंबरवर घेतलं आणि पहिल्याच हंगामात, २००७ ला, तो अजिंक्यपद जिंकलेल्या संघात खेळला. थांबवलं असतं तर ते हुकलं असतं, असं म्हणतात. मान्य, हुकलं असतं. पण त्याच्या आधी सहा नावं पुकारली गेली, आणि त्या सहा क्लबांकडे एक निरोगी हंगाम बघायला असता तर तो जिलाँगच्या वाट्याला आलाच नसता, हेही तितकंच खरं.

खरी अडचण अंमलबजावणीची आहे. एका फटक्यात वय एकोणीस केलं तर त्या वर्षी ड्राफ्टमध्ये नवी पोरं जवळपास नसतीलच, आणि २०२८ ला टास्मानियाचा क्लब येतोय, त्याला तर यादी उभी करायला पोरं लागणार. म्हणून हे दोन पायऱ्यांत करावं. आधी तारीख ३१ डिसेंबरवरून ३० जूनवर आणायची: त्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत ज्याला अठरा पूर्ण, तोच पात्र. जुलै ते डिसेंबरची पोरं एक वर्ष मागे जातील, म्हणजे आज ज्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो त्यांना आधी दिलासा. त्या वर्षीचा ड्राफ्ट अर्धा-मुर्धा असेल, पण रिकामा नसेल. टास्मानिया स्थिरस्थावर झाल्यावर उरलेले सहा महिने.

ही पहिली पायरी २०१९ ला लागू असती तर मॅट रोवेल त्या वर्षी बाद झाला असता, कारण त्याचा जन्म १ जुलै २००१ चा. एका दिवसाने हुकला असता. प्रत्यक्षात तो पहिल्या नंबरवर गोल्ड कोस्टकडे गेला, २०२० च्या सुरुवातीला ओळीने तीन सामन्यांत पंचांनी त्याला सर्वोत्तम ठरवलं, पाचव्या फेरीत जिलाँगविरुद्ध खांदा निखळला, पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला, आणि मधल्या काळात ‘याची लाथ बरोबर नाही’ म्हणणारे पुष्कळ झाले. ब्राउनलो मिळालं ते २०२५ च्या सप्टेंबरात, चोविसाव्या वर्षी. त्याला बारा महिने उशिरा घ्यावं लागलं असतं तर गोल्ड कोस्टचे लोक चिडले असते, आणि त्यांच्या चिडण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी तारीख ३० जूनच ठेवावी.